धाकटीला थंडी हवी

सुरत शहरात थंडी कुठून येते, माहीत आहे का तुम्हाला? माझ्याकडून येते!

कतारगामच्या हिऱ्याच्या ऑफिसांत, रिंग रोडवरच्या कापडाच्या गाळ्यांत, दोन डेंटिस्टांकडे आणि लग्नाच्या एका हॉलमध्ये जी गार हवा सुटते, तिच्यामागे माझा पाना, माझा गॅसचा सिलिंडर आणि माझी अक्कल असते. मी वाल्मिक, एसी मेकॅनिक. माझ्या स्वतःच्या घरी एसी नाही. घरी पंखा आहे. तो डिंडोलीच्या स्लॅबखालची गरम हवा या भिंतीवरून उचलतो आणि इमानदारीने त्या भिंतीवर नेऊन ठेवतो.

तर अशा थंडीच्या ठेकेदाराला बायकोने थंड मुलखातलं एक झाड सांभाळायला दिलं, तर त्याने काय म्हणावं? मी म्हणालो, "बस्स? एवढंच?"

झाडाचं नाव कॅम्पॅन्युला. माझी बायको धनश्री अमळनेरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिच्या पुस्तकात एक फोटो होता: बर्फाचा डोंगर, खडकाची फट, फटीत मुठीएवढा हिरवा गोळा आणि त्यावर जांभळ्या घंटाच घंटा. तो फोटो ती लग्नाआधीपासून बघत आलीय. माझा नंतर बघितला. मागच्या नोव्हेंबरात तिने डोंगराकडच्या कुठल्याशा नर्सरीतून ते झाड पार्सलने मागवलं. आलं तेव्हा मेथीच्या जुडीतून गळलेल्या चिमूटभर पाल्याएवढं होतं. धनश्रीला तेव्हा तिसरा महिना होता. हिवाळाभर झाड गॅलरीत बसल्या बसल्या बशीएवढं गोल झालं, धनश्रीही गोल झाली, आणि आईने झाडाचं नाव ठेवलं धाकटी.

एप्रिलच्या चार तारखेला धनश्री बाळंतपणासाठी माहेरी निघाली. उधना स्टेशनवर मी तिला खिडकीत बसवलं. ती पिशव्यांपेक्षा झाडाबद्दलच जास्त बोलत होती.

"अहो, तिला फार पाणी नको. फार लाडही नकोत. उन्हाळ्यात फूल येतं म्हणतात. मी अजून खरं फूल एकदाही बघितलेलं नाही."

"येईल ना! मी आहे ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय."

गाडी हलली. तिने खिडकीतून हात काढला आणि ओरडून म्हणाली, "ऐका! आधी तिला जगवून दाखवा, मग बाळ हातात देईन!"

डब्यातल्या चार बायका हसल्या. मीही हसलो. पण घरी येताना ते वाक्य हेल्मेटच्या आत अडकलं आणि डिंडोलीपर्यंत घुमत राहिलं. कारण खरं सांगायचं तर माझ्या ताब्यात आजवर एकच जिवंत वस्तू आली होती. पाचवीत असताना पाळलेला पोपट. तो एके दिवशी उडाला, शेजाऱ्यांच्या खिडकीत बसला आणि मग तिथेच राहिला. रोज मला बघायचा. ओळख द्यायचा नाही!

तेव्हा मी ठरवलं, काहीही झालं तरी हे झाड जगलंच पाहिजे. झाड मेलं तर फूल गेलं, ते तर झालंच. पण मग मी कुठल्या तोंडाने बाळाला हात लावणार?

आता माझ्या आईची ओळख करून देतो. उषाबाई. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. आईने लहानपणी दोन-दोन कोसांवरून डोक्यावर हंडे आणलेत. त्यामुळे माणूस असो, गाय असो, नाहीतर दाराशी आलेला वीजबिलवाला, तिच्या प्रेमाची सुरुवात पाण्याच्या तांब्याने होते. धनश्री गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर आई धाकटीसमोर तांब्या घेऊन उभी!

"आई, धनश्री सांगून गेलीय, फार पाणी नको."

"लाजस ती!" आई म्हणाली. "सासूले तरास नको म्हनीसन बोलनी. पाव्हना 'नको' म्हनस, तव्हय आपन हात आखडतस का?"

 आमच्याकडे पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा त्याच्या बोटांच्या फटींतून वाढायची पद्धत आहे! 'नको' हा शब्द आमच्या खानदेशात नकार म्हणून कोणी ऐकलेलाच नाही. मग सकाळी तांब्याभर, दुपारी तांदूळ धुतलेलं, संध्याकाळी डाळीचं वरचं. शिवाय मी! आई विसरली असेल म्हणून मी घालायचो आणि मी विसरलो असेन म्हणून आई पुन्हा घालायची. घरात एवढा समजूतदारपणा आधी कधी नव्हता.

दहा दिवसांत धाकटीची पानं पिवळी पडायला लागली.

"उन्हाया से ना बाप!" आई म्हणाली. "डोंगरनी पोर. इतला तापमां कशी तग धरी? तिले तीस लागनी व्हई."

तहान लागली असेल! आईने पाणी वाढवलं.

रोज संध्याकाळी साडेपाचला धनश्रीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती आधी झाड बघायची, मग मला. मी कुंडी फिरवून हिरवी बाजू फोनकडे करायचो. सुरुवातीला हिरवी बाजू अर्ध्या बशीएवढी होती. मग पोळीच्या तुकड्याएवढी झाली. मग मी फोन इतका जवळ न्यायला लागलो की धनश्रीला एकच पान दिसायचं, पण काय दिसायचं! शेतासारखं!

"अहो, जरा लांब धरा ना."

"नेटवर्क लांबून येत नाही."

"पाणी जास्त होत नाही ना?"

"छे छे," मी म्हणायचो आणि मनात म्हणायचो, बघा, पुन्हा लाजली.

तरी अशा परिस्थितीत मेकॅनिक माणूस डोकं चालवतो. मी धाकटीला फ्रिजमध्ये ठेवलं. दह्याच्या पातेल्याशेजारी, कोथिंबिरीच्या बाजूला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी आईने चष्मा न लावता डाळीवर कोथिंबीर घातली. जेवण झाल्यावर मी धाकटी बघायला गेलो, तर सहा पानं कमी!

"माय, काय केलंस हे!"

आईने तोंडावर पदर धरला. मग हळूच म्हणाली, "डाय चांगली व्हयेल व्हती ना पन?"

चांगली झाली होती. ते नाकारण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी मी निर्णय घेतला. अख्ख्या सुरतेला थंडी पुरवणाऱ्याने एका झाडासाठी फ्रिजच्या कप्प्यात जागा शोधावी? धाकटीला पिशवीत घातलं, बाइकच्या टाकीवर ठेवलं आणि थेट कतारगाम गाठलं.

कतारगामला वशरामभाईंचं हिऱ्याचं ऑफिस आहे. तयार हिरे निवडायची ती एक लांब खोली. पांढऱ्या कागदाची टेबलं, टेबलावर दिवे, प्रत्येकाच्या एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात डोळ्याला लावायचं भिंग. वशरामभाई काठियावाडचे, पण आमच्या खानदेशी माणसांत तीस वर्षं काढल्यामुळे त्यांची भाषा म्हणजे सगळ्या भाज्यांचं उंधियु झालेली. त्यांचे एसी मीच बघतो. मी हळूच कोपऱ्यातल्या स्टुलावर कुंडी ठेवली आणि शिडी लावली.

"अल्या वाल्मिक! आ शुं छे?"

आता 'माझ्या बायकोचं झाड आहे, घरी उकडतंय म्हणून तुमच्याकडे आणलं' एवढं साधं वाक्य होतं. पण सात माणसं भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे बघत होती. सात भिंगांसमोर माणसाच्या तोंडून खरं निघत नाही.

"सेन्सर आहे, शेठ," मी म्हणालो.

"झाड?"

"नॅचरल सेन्सर. कूलिंग कमी पडलं की पान वाकतं. विलायती आहे."

'विलायती' म्हटल्यावर वशरामभाई वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"पान तो अभी से वाकेला छे!"

"म्हणजे कूलिंग कमी आहे, शेठ."

"केटला छे?"

"चोवीस."

"तो अढार करो ने!"

झालं! अठरा केलं. पण धाकटी काही सरळ होईना. कशी होणार? खाली दारावर हिलालभाऊ वॉचमन बसतात. तेही आमच्याच मुलखातले. झाड माझं आहे, एवढं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तू चिंता करू नको भाऊ. तुन्ही अमानत ती मन्ही अमानत." ते सकाळी कुलूप उघडताना एक बाटली घालायचे आणि संध्याकाळी लावताना दुसरी. वशरामभाई देवपूजा झाली की कलशातलं पाणी तिच्यात ओतायचे, कारण सेन्सर बिचारा चोवीस तास ड्युटीवर! आणि मी येता-जाता घालायचो ते वेगळंच.

धाकटी आणखी वाकली. वशरामभाईंनी अठराचं सतरा केलं. धाकटीने मान टाकली. सतराचं सोळा!

बाहेर मे महिना, बेचाळीस डिग्री, रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटतंय, आणि आत वशरामभाईंचा सगळा स्टाफ स्वेटरमध्ये! ज्यांच्याकडे स्वेटर नव्हते ते घरून पांघरुणं घेऊन आले. निंबाभाऊ, म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात तीक्ष्ण डोळ्यांचे निवडणारे, त्यांनी मुलीच्या लग्नात मिळालेली शाल काढली. वशरामभाईंनी केदारनाथला घेतलेली माकडटोपी घातली. जेवायला बाहेर पडले की सगळे रस्त्यात उभे राहून ऊन खायचे. सुरतेत, मे महिन्यात! शेजारच्या ऑफिसातले लोक गॅलरीत येऊन बघायचे आणि हात जोडायचे.

आणि मग ते झालं.

मी शिडीवर चढून फिल्टर साफ करत होतो. सव्वापाच वाजले असतील. निंबाभाऊंनी चिमट्यात एक हिरा धरला होता. साबुदाण्याचा दाणा असतो ना, त्याच्या लेकराएवढा. ते भिंग डोळ्याला लावणार, तेवढ्यात थंडीने त्यांना हुडहुडी भरली. चिमटा थरथरला.

"उडाला!"

हिऱ्याच्या ऑफिसात हा शब्द म्हणजे आग लागल्याची ओरड. जो जिथे आहे तो तिथेच थांबतो. पाय उचलायचा नाही, झटकायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. दाराला आतून कडी, आणि हिरा सापडेपर्यंत कोणी बाहेर जाणार नाही, मालकसुद्धा नाही. हिलालभाऊ वर येऊन दाराला पाठ लावून उभे राहिले. सगळे स्वेटर, शाली, पांघरुणं गुडघ्यावर आली आणि फरशीचा एकेक चौकोन तपासायला लागली. मी शिडीवरच. दहा मिनिटं झाली. हिरा नाही. पंधरा झाली. नाही.

मग वशरामभाई उठले आणि त्यांची नजर स्टुलावर गेली. निंबाभाऊंच्या टेबलापासून दोन हातांवर. धाकटीवर.

"आमां गयो," ते म्हणाले.

"शेठ, नाही!"

"माटी काढो."

"शेठ, सेन्सर बिघडेल!"

"तो खोल के पाछो बसाव ने! तू मेकॅनिक छे के नथी?"

 मी शिडीवरून उतरेपर्यंत धाकटी कुंडीबाहेर होती. माती कुठली, निव्वळ चिखल! हिरे चाळायच्या पितळी चाळण्या निघाल्या. जी चाळणी आयुष्यात हिऱ्याखेरीज कशाला शिवली नव्हती, तिच्यातून आमच्या गॅलरीतलं खत गळायला लागलं. हिरा नव्हता. मग निंबाभाऊंनी धाकटीला पांढऱ्या कागदावर आडवं केलं, दिवा ओढला, भिंग लावलं आणि चिमट्याने एकेक मूळ वेगळं करत निकाल द्यायला सुरुवात केली, जसा रोज मालाचा देतात तसा.

"पहिलं मूळ, काळा दाग. दुसरं मूळ, दाग. तिसरं आतून पोकळ. चौथं स्वच्छ, पण लहान." त्यांनी भिंग काढलं. "हिरा नाही शेठ. आणि हा माल पाण्याने गेलाय."

नेमके तेव्हा साडेपाच वाजले.

आमचे फोन आत नेता येत नाहीत, ते दारावर हिलालभाऊंकडे जमा असतात; एरवी या वेळी मी कुंडी खाली नेऊन धनश्रीला एक पान दाखवून आणायचो. त्यांच्या खिशात माझा फोन वाजला. मी दुरूनच 'नको, नको' असा हात हलवला. हिलालभाऊही शिंदखेड्याचेच! 'नको' म्हटल्यावर त्यांनी लगेच उचलला.

"हां वहिनी! देतो देतो. झाडले आठे टेबलवर निजाडेल शे!"

आणि फोन माझ्या हातात दिला.

धनश्रीला काय दिसलं असेल, कल्पना करा. पांढऱ्या कागदावर आडवी पडलेली धाकटी. तिच्याभोवती मान खाली घालून उभी असलेली, शाली-पांघरुणं घेतलेली माणसं. एकाच्या डोळ्याला भिंग. मधोमध माकडटोपीतले एक वयस्कर गृहस्थ. 

"अहो," ती हळूच म्हणाली, "कोण गेलं?"

मग मी सगळं सांगितलं. हिरवी बाजू, फ्रिज, डाळ, सेन्सर, सोळा डिग्री. एका दमात. वशरामभाईंसमोर. मला सांगा, आणखी लपवून ठेवणार तरी कुठे? माती तर चाळून झाली होती!

"पानं किती उरलीत?" धनश्रीने विचारलं.

"पाच."

"खरं सांगा."

"तीन. आणि एक अर्धं."

"पाणी कोण घालत होतं?"

 मग दाराजवळ हिलालभाऊंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. थोड्या वेळाने वशरामभाईंनी केला. मी केला.

"आणि आई," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज. प्रत्येकी."

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. पण तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. पोटाला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता तिने डोळे पुसले आणि नंतरही पुसतच राहिली. ते मग हसण्याचं पाणी होतं की दुसरं, हे त्या नेटवर्कवर कळायला मार्ग नव्हता.

"अहो, खडकाच्या फटीतलं झाड ते! तिथे माती असते चिमूटभर. पाणी येतं आणि वाहून जातं. तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमाने बुडवलंत हो तिला."

वशरामभाई पुढे आले. मला वाटलं, आता मला बुडवतात. पण त्यांनी फोनमध्ये बघितलं, समोर नवव्या महिन्यातली पोर बघितली, आणि मानाने बोलायचं म्हणून डोक्यावरची माकडटोपी काढली.

"दीकरी," ते म्हणाले, "माफ करजे. मने तो मशीन बोला था."

टोपी हातात झटकली गेली आणि कागदावर आवाज आला. टिक्.

लोकरीत अडकून बसला होता! साबुदाण्याचं लेकरू! तीस वर्षांत त्या ऑफिसात कधी लोकर आलीच नव्हती, तर टोपी तपासायचं सुचणार कोणाला?

निंबाभाऊंनी हिरा चिमट्याने उचलला, पुडीत ठेवला, पुडी शेठच्या हातात दिली. मग लगेच फोनकडे वळून म्हणाले, "वहिनी, फट केवढी पाहिजे?"

त्यानंतरचा अर्धा तास मी तुम्हाला नीट सांगू शकत नाही, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. समोर बांधकाम चाललं होतं, तिथून हिलालभाऊ घमेलंभर बारीक खडी घेऊन आले. धनश्री अमळनेरहून सांगत होती आणि कतारगामचे उत्तम डोळे ती खडी चाळणीने चाळून, भिंगातून बघून, एकसारखी निवडत होते. कुजलेली मुळं निंबाभाऊंनी ब्लेडने अशी कापली की झाडाला कळलंही नसेल. मूठभर माती, बाकी सगळी खडी. सुरतेत एवढ्या निवडक खडीत बसलेलं झाड दुसरं नसेल!

फोन बंद झाल्यावर वशरामभाई माझ्याकडे वळले.

"सेन्सर नथी?"

"नाही, शेठ."

"कूलिंग बराबर छे?"

"पहिल्या दिवसापासून बराबर आहे, शेठ."

ते एकदा शिंकले. मग स्वतः उठून चोवीस केलं, धाकटीला उत्तरेच्या खिडकीत ठेवलं आणि हिलालभाऊंना हुकूम दिला: दीकरी सांगेल तेवढं सोडून या झाडाला माझ्या हातूनसुद्धा पाणी घालू द्यायचं नाही! दुसऱ्या दिवशी ते खरंच कलश घेऊन आले. हिलालभाऊंनी त्यांना अडवलं. शेठ नोकराच्या धाकाने मागे फिरताना मी पहिल्यांदा बघितला.

रविवारी आई धाकटीला बघायला आली. दारावर हिलालभाऊंनी पिशवी तपासली. पिशवीत रुमालाखाली पाण्याची बाटली! जप्त झाली. या ऑफिसात आत येताना जप्त झालेली ही पहिली वस्तू.

आई खिडकीपाशी गेली. साडेतीन पानं. खडी. तिने हात लावला नाही. 

"मी जितलं मरतांना दखं, ते पाणी ना म्हनीसन मरतांना दखं," ती म्हणाली. "गायी, बकऱ्या, आंबानं झाड. जास्त पाणीघाई बी मरतस, हाई माले माहीतच नव्हतं, बाई." आणि तिने झाडाला हात जोडले. मला म्हणाली, "धनश्रीले सांगजो नको."

मी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मे महिन्याच्या पंधराला नवं पान आलं. निंबाभाऊंनी भिंगातून बघून 'एकदम स्वच्छ' असा निकाल दिला. विसाव्या तारखेपर्यंत आठ झाली. आणि पंचविसाव्याला मधोमध एक बारीक टोक वर आलं, ज्वारीच्या दाण्याएवढं, मिटलेलं. कळी! त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले. कोणी वाटले, माहीत नाही, पण शेठनी दोन खाल्ले.

एकतीस मेला सकाळी मी डेंटिस्टच्या एसीत डोकं घालून बसलो होतो, तेव्हा फोन आला. सासूबाई.

"जावईबापू, लक्ष्मी आली!"

मी एसीतून डोकं काढलं. डेंटिस्टच्या खुर्चीतला पेशंट आ करून माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हणालो, "मुलगी झाली!" त्याने आ केलेल्या तोंडाने काहीतरी शुभेच्छा दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. माझ्या मांडीवर थर्माकोलची पेटी, पेटीला भोकं, कडेने बर्फाच्या पिशव्या, मध्ये धाकटी. बारडोलीपर्यंत कोणी विचारलं नाही. व्यारा येईपर्यंत राहवलं नाही.

"इंजेक्शनं नेता का?"

"नाही हो, झाड आहे."

"बर्फात?"

"बाळंतिणीसाठी."

डब्याने हे मान्य केलं. खानदेशाकडच्या गाडीत बाळंतिणीच्या नावाने काहीही मान्य होतं. आमच्यासमोरच्या म्हातारीने मात्र आईला बाजूला घेऊन विचारलं, काढा करायचा की पाला वाटून लावायचा?

नंदुरबारला मी झाकण उघडून बघितलं, कळी मिटलेली. दोंडाईच्याला उघडलं, मिटलेली. अमळनेरला हॉस्पिटलच्या जिन्यात आई म्हणाली, "दख ना एकदाव." उघडलं. आणि मी जिन्यातच बसलो. केव्हा उमललं कोण जाणे! अंगठ्याच्या नखाएवढी जांभळी घंटा, किंचित खाली झुकलेली, जणू गाडीत झोप लागली असावी.

खोलीत धनश्री उशीला टेकून बसली होती. चेहरा सुकलेला, केस विस्कटलेले. कडेला पाळण्यात एक गाठोडं होतं. मला गाठोड्याकडे बघायचं धाडस झालं नाही. मी आधी पेटी तिच्या मांडीवर ठेवली आणि झाकण काढलं.

तिने बोट पुढे केलं, फुलाच्या अगदी जवळ नेलं, लावलं नाही. पाकळ्या मोजल्या. पाच. आत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली.

"काय झालं?" मी म्हणालो.

"मला वाटलं होतं, एप्रिलमध्येच मरेल."

"काय?"

"सुरतेच्या उन्हाळ्यात जगत नाही ती. कुठल्याही पुस्तकात लिहिलंय. तुम्ही रोज पंधरा वेळा फोन करून माझी काळजी करत बसला असता, म्हणून म्हटलं, राहील काहीतरी हाताला काम. मेल्यावर तुम्हाला काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं होतं."

"काय सांगणार होतीस?"

तिने फुलाकडेच बघत सांगितलं, "की जाऊ द्या. बाळ एकट्याने सांभाळायचं नसतं. दोघं मिळून बघू."

मी कॉटच्या कडेला टेकलो. म्हणजे मी जी परीक्षा पास व्हायला शेठला खोटं बोललो, अख्खं ऑफिस सोळा डिग्रीवर गारठवलं, ती परीक्षाच नव्हती!

"घ्या आता," धनश्री म्हणाली. सासूबाईंनी गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

वाचकहो, झाड मी अठ्ठावन्न दिवस सांभाळलं. पोरगी चार सेकंद सांभाळली. पाचव्या सेकंदाला तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि भोकाड पसरलं. तिचं बघून मीही पसरलं. सासूबाई धावल्या आणि आम्हा दोघांपैकी त्यांनी आधी तिला उचललं.

बरोबरच आहे. ती हलकी होती.